मागची मशीन, पुढची मशीन

मधुसूदन : वहिनी, मी तुमच्यावर आरोप नाही करून राहिलो. मी फक्त इतलंच म्हणतो का कॉम्प्युटरची मोठी मशीन मागच्या खोलीतून उचलू अन् पुढं बैठकीत आणू. कंपनीचा मेकॅनिक तेच बोलून गेला.

शामला : मेकॅनिक काय बोलला ते मीही ऐकलं, भाऊजी. पडद्याआडून ऐकलं, पण नीट ऐकलं. तो म्हणाला, मोठी मशीन जिथं राहीन तिथं काम फास्ट होईन. मोठी मशीन धाकट्या भावाच्या टेबलावर ठेवा अन् घरच्या सुनेले मागं बसवा, असं काही तो म्हणाला नाही.

मधुसूदन : पुन्हा तेच. मतलब, मी मशीनची गोष्ट करतो अन् तुम्ही माणसाची करता.

शामला : कारण मशीन जिथं जाईन तिथं माणूस ठरतो. आज कृष्णकांत सेठ येऊन राहिले. लकडगंजातल्या सगळ्यात मोठ्या ट्रान्सपोर्टचा मालक. त्याच्या सगळ्या ट्रकांच्या बिल्ट्या, कोणता माल कुठून निघाला अन् कुठं पोचला, हे काम आपल्या घरी द्यायचं का नाही, ते तो आज पाहून ठरवणार. मोठी मशीन तुमच्यापुढं दिसली का बोलणं तुमच्याशी, सही तुमची, नाव तुमचं. अन् उद्यापासून मी तुमची टायपिस्ट. हा प्रोग्राम मी लिहिला. रकाने मी पाडले. गोंदियाच्या तांदळापासून लातूरच्या तुरीपर्यंत एक एक बिल्टी या बोटांनी चढवली. मी टायपिस्ट होणार नाही.

पार्वतीबाई : नका गा भांडू. बाहेर ऊन कसं पेटलं हाये, अन् तुमी दोघं घरात पेटवून राहिले. मधु, तुह्या पुढच्या डब्याले झालं तरी काय?

मधुसूदन : आई, काही नाही झालं. स्लो झाला फक्त. गिऱ्हाईक येते, विचारते माहा माल आला का. मी नंबर टाकतो, बटण दाबतो, का मागच्या मोठ्या मशीनमधून बिल्टी यावी, अन् मग आम्ही दोघं स्क्रीनकडे पाहत बसतो. काल एक जण बिडी ओढाले बाहेर गेला, ओढून परत आला, तरी स्क्रीन काळीच. म्हणे, यापेक्षा मी गोदामात जाऊन आलो असतो. सगळ्यांसमोर म्हणे.

पार्वतीबाई : मंग थंडीत कसा पटपट सांगत होता? संक्रांतीले तं तू माह्या भाच्याले बोलावून बोलावून दाखवत होता.

शामला : आई, तुम्ही एकदम बरोबर जागी बोट ठेवलं. मी आठ दिवसांपासून हेच म्हणून राहिले. थंडीत पटपट, उन्हाळ्यात रडतखडत. काहून?

मधुसूदन : काहून म्हणजे? थंडीत बिल्ट्या कमी होत्या. आता ढीग झाला. शोधाले टाइम लागणारच. अन् तुम्ही प्रोग्राम लिहिला त्यात काही लफडा असन.

शामला : तेच मलेही वाटलं होतं. माह्याच प्रोग्रामात खोट असन म्हणून मी आधी स्वतःलेच धरलं. सगळ्या जुन्या बिल्ट्या फ्लॉपीवर काढून ठेवल्या, मशीनमध्ये थोड्याशाच ठेवल्या. तुमची मशीन तरी रडतच होती. तुम्हाले सांगतलं होतं, आठवते का?

मधुसूदन : आठवते. मग मी म्हटलं व्होल्टेज.

शामला : मग तुम्ही म्हटलं व्होल्टेज, अन् तुमच्या मित्राच्या दुकानातून स्टॅबिलायझर आणला. त्यानं खोलीत घरघर वाढली, बाकी फरक शून्य. मग म्हटलं तुमची मशीनच म्हातारी झाली. परवा तुम्ही बाजारात गेले होते, तेव्हा मी आईंच्या मदतीनं तुमची मशीन उचलून माह्या खोलीत आणली.

मधुसूदन : माही मशीन हलवली? मले न विचारता?

पार्वतीबाई : मीच धरली होती एका बाजूनं. जड हाये मेली.

शामला : अन् माह्या टेबलाशेजारी ठेवून, तुमची लांब वायर काढून, मशीनसंगं आलेली छोटी वायर लावली. भाऊजी, नंबर टाकला अन् बोट उचलाच्या आत उत्तर. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. मतलब प्रोग्राम चांगला, माही मशीन चांगली, तुमचीही चांगली. मग उरलं काय?

मधुसूदन : वायर.

शामला : वायर.

मधुसूदन : वायर मी स्वतः टाकली आहे, वहिनी. कुठंच जोड नाही. दोन्हीकडचे पिन मी स्वतः झाळले. त्या वायरमध्ये काही खराबी निघाली तं मिशी उतरवीन.

शामला : मिशी राहू द्या. सेठपुढं लागन. वायर चांगलीच आहे. ती कुठून नेली ते सांगा.

मधुसूदन : तुम्हाले माहीत आहे कुठून नेली. मागच्या खोलीतून सरळ बैठकीत आणायची तं मधल्या भिंतीत देवघर. आई म्हणे, देवाच्या डोक्यावरून करंट नाही जाऊ देणार.

पार्वतीबाई : नाईच जाऊ देनार. आजबी नाई. तुमचा करंट तुमच्या जागी, माहा देव माह्या जागी.

मधुसूदन : तं मग मी खिडकीतून बाहेर काढली, मागच्या भिंतीनं फिरवली, बाजूच्या बोळातून आणली अन् पुढच्या खिडकीतून आत घेतली.

शामला : काखेत कळसा अन् गावाले वळसा. मधी एकच भिंत, अन् वायर फिरली घराभोवती प्रदक्षिणा घालत. ते असू द्या. बोळातून जाताना ती लटकू नये म्हणून तुम्ही काय केलं?

मधुसूदन : कूलरची लाइन आधीच जात होती तिथून, खिळे मारलेले. तिच्याशीच बांधली. सुतळीनं, हातहातभर अंतरावर. साफ काम केलं, कोणी येऊन पाहावं.

शामला : साफच केलं, त्यात वाद नाही. आमच्या नरखेडले वावरात विहिरीवर मोटर आहे. बाबा खोपडीत रेडिओ लावत. मोटर बंद तोवर गाणं झक्कास. मोटर चालू केली का रेडिओ नुसता खरखर खरखर. बाबा रेडिओले थापडा मारत. माही माय म्हणे, अवो, त्याले काहून मारता, चोर सोडून संन्याशाले फाशी. रेडिओ दूर नेऊन ठेवला का पुन्हा गाणं सुरू. तुमचा कूलर थंडीत माळ्यावर होता, भाऊजी. होळी झाली, तुम्ही तो खिडकीत बसवला, नवीन खस लावली. अन् त्याच हप्त्यापासून तुमची मशीन रडाले लागली.

मधुसूदन : कूलरचा अन् कॉम्प्युटरचा काय संबंध? कूलर वेगळ्या प्लगवर आहे. हे म्हणजे वडाची साल पिंपळाले झालं.

शामला : मले सांगू नका, मशीनले विचारा. कूलर चालू आहे न आता? टाका एक नंबर. तुमसरच्या धानाची बिल्टी टाका.

मधुसूदन : टाकली.

पार्वतीबाई : मंग? आलं का?

मधुसूदन : येऊन राहिलं.

पार्वतीबाई : इतल्यात मी चार भाकरी थापल्या असत्या गा.

मधुसूदन : आई, तू बोलली का जास्त टाइम लागते. हं, आता आलं.

शामला : आता कूलर बंद करा.

मधुसूदन : इतक्या गर्मीत? वेड लागलं का?

शामला : तुम्ही नाही करत तं मी करते.

(कूलर बंद होतो. बैठकीत एकदम शांतता.)

शामला : टाका तीच बिल्टी.

मधुसूदन : टाकली. आली.

पार्वतीबाई : आली?

मधुसूदन : आली म्हणजे... थांबा, दुसरी टाकतो. आली. भंडाऱ्याची टाकतो. तेही आली. तुक्का असन. कूलर लावा बरं पुन्हा.

शामला : लावला.

मधुसूदन : टाकली. हं. नाही येऊन राहिली. च्यायला.

पार्वतीबाई : तोंड आवर. देवघर समोर हाये.

शामला : तुमची मशीन माह्या मशीनले विचारते, अमुक बिल्टी दे. माही मशीन देते. पण कूलरच्या मोटरनं ते वाटेतच खराब होते. तुमची म्हणते हे वाचता येत नाही, पुन्हा दे. पुन्हा दिलं का पुन्हा खराब. देणारी देऊन थकते, मागणारी मागून थकते, अन् तुम्ही बसता स्क्रीनले दोष देत. आठ दिवस दोष माह्या नावानं होता. बाहेर गिऱ्हाइकांले तुम्ही काय सांगत होते तेही मी ऐकलं. म्हणे, आमच्या वहिनीनं काहीतरी उलटंपालटं करून ठेवलं, बाईमाणसाचं काम.

मधुसूदन : बोललो असन. लोकांपुढं काहीतरी बोला लागते.

शामला : लोकांपुढं माहं नाव घ्यायचंच होतं तं चांगल्या कामाच्या वेळी घ्यायचं. संक्रांतीले, जेव्हा पटपट चालत होतं, तेव्हा तुम्ही कोणाचं नाव घेतलं?

मधुसूदन : बरं, झालं ते झालं. चूक समजली. आता इलाज काय ते बोला, सेठ यायचा आहे. कूलर बंद ठेवला तं तो मोठा माणूस पाच मिनिटं बसणार नाही. वायर सोडवून दुसरीकडून घ्यायची तं बोळात जागा नाही. देवघरातून आई नेऊ देत नाही.

पार्वतीबाई : नाई.

मधुसूदन : मग मेकॅनिकचंच बरोबर ठरलं न. मोठी मशीन पुढं आणा. सगळ्या बिल्ट्या माह्यापाशी, वायरची गरजच नाही, गिऱ्हाइकाले ताबडतोब जवाब. छोटी मागं जाईन तुमच्या खोलीत.

शामला : अन् छोटीवर मी जी बिल्टी चढवीन ते त्याच वायरनं येईन, त्याच कूलरले घासून. आज तुम्ही वाट पाहता, उद्यापासून मी वाट पाहीन. म्हणजे रोग गेला नाही, भाऊजी. तो फक्त तुमच्या खोलीतून माह्या खोलीत आला. तुम्हाले हा इलाज वाटते, कारण मागच्या खोलीत कोण ताटकळते ते पुढून दिसत नाही.

मधुसूदन : मग तुम्हीच सांगा. सगळं तुम्हालेच समजते न.

शामला : दोन्ही मशीन पुढं. या टेबलावर तुमची, त्या टेबलावर माही. मधी छोटी वायर. परवा चालली तशी चालन, कूलरही चालू राहीन, देवघरही जागच्या जागी.

मधुसूदन : अन् तुम्ही?

शामला : मशीनपुढं माणूस लागते.

मधुसूदन : तुम्ही इथं बसणार? बैठकीत? वहिनी, इथं कोण कोण येते माहीत आहे का? ड्रायव्हर येतात, हमाल येतात, बनियान घालून दलाल येतात. पान खाऊन बोलतात. आपल्या घरची बाई आजवर परक्या माणसांसमोर या पडद्याच्या पुढं आली नाही. दादाले काय सांगू मी?

शामला : दादाले मी विचारलं. बल्लारशाहून रविवारी आले होते तेव्हाच विचारलं. ते म्हणाले, माही ना नाही, पण मधुले विचार, धंदा तो पाहते. तुम्हाले विचारलं होतं होळीच्या आधी, तं तुम्ही म्हणाले आईले विचारा. आई म्हणाल्या, माह्या हातात काय हाये, थोरला पोरगा चंद्रभान म्हणन तसं, म्हणजे पुन्हा तुमचे दादाच. मी तिघांच्या दारी फिरून आले, अन् कोणीच नाही म्हणत नाही, अन् कोणीच हो म्हणत नाही. आता मी विचारून नाही राहिले. सांगून राहिले. मी आज सेठ यायच्या आधी इथं बसणार.

मधुसूदन : अन् मी नाही बसू दिलं तं?

शामला : तं माही मशीन बंद. तिची फ्लॉपी माह्यापाशी, तिची अक्कलही माह्यापाशी. सेठले तुमची काळी स्क्रीन दाखवा अन् सांगा, बाईमाणसाचं काम आहे.

मधुसूदन : ऐकलं का, आई? ऐकून घे तुह्या सुनेची भाषा. आपल्याच घरात आपल्याले धमकी.

पार्वतीबाई : आयकून राहिली मी. शामला, तुह्या सासऱ्याच्या टायमापासून हा पडदा हाये वं. मी या घरात आली तवापासून. त्या पडद्याच्या पुढं गेलं का घराची इज्जत जाते, असं मले माह्या सासूनं सांगतलं. मी कधी इचारलं नाई, कशी जाते.

शामला : आई, मले तुमचा मान मोडायचा नाही. पण मी मागं बसणार नाही.

पार्वतीबाई : बोलू दे मले. ह्या मधुले माहीत नाई, तो पाळन्यात होता. याच्या बापाचा, बापूजीचा, धंदा ताडपत्रीचा होता. ट्रकावर टाकाची ताडपत्री. पुढं बैठकीत बापूजी, अन् मागं आत्ता तुही मशीन हाये तिथं, मी. सुया मोडमोडून बोटं सुजत. मेन लावलेला दोरा, दुहेरी शिवन. पावसाळाभर ट्रक गेला तरी आत थेंब नाई. लोकं लांबून येत. एक सरदारजी होता जबलपूरचा, तो म्हने, बापूजी, ये सिलाई किसकी है, कारीगर को बुलाओ, इनाम देना है.

शामला : मग?

पार्वतीबाई : मंग काय. बापूजी म्हनाले, है एक आदमी.

मधुसूदन : आई, तो जमाना वेगळा होता.

पार्वतीबाई : मी पडद्याच्या मागंच होती. हातात सुई होती. बापूजी मानूस वाईट नोयता गा, मधु. रात्री जेवताना मलेच सांगे, आज तुह्या शिलाईचं लय कवतिक झालं. त्याले वाटे मले गोड वाटन. मले इतला राग आला होता, इतला राग, का ताट सरकवून उठून जावं वाटलं. गेली नाई. अन् मंग सारी जिनगी त्या रागाची मलेच लाज वाटली. आपल्याच नवऱ्याचा कायले राग करावा म्हनून. आज हे शामला तुह्याशी भांडून राहिली, अन् मले तिच्या रागाची लाज नाई वाटत. मले माह्या गप बसन्याची वाटते.

मधुसूदन : म्हणजे तू तिच्या बाजूनं.

पार्वतीबाई : मी ताडपत्रीच्या बाजूनं. जो शिवन त्याचं नाव. मशीन उचला. मधु, तू पुढून धर, ते मागून धरन. उंबरठ्यापाशी पाय पाहा. अन् देवघरातून वायर जानार नाई, हे मी अजूनबी म्हनते. कोनी असं समजू नका का म्हातारी सगळ्यालेच हो म्हनाली.

शामला : नाही आई, देवघराले कोणी हात लावत नाही.

मधुसूदन : हळू. अरे हळू, वहिनी, स्क्रीन धरा आधी. टेबल इकडे सरकवा. मले सांगा, लोकं हसले तं?

शामला : हसतील दोन दिवस. मग माल कुठं अडकला ते विचारतील. ज्याचा माल अडकला त्याले हसाले फुरसत नसते. वायर द्या. हं, लागली. कूलर पूर्ण करा, सगळ्यात जोरात.

मधुसूदन : केला.

शामला : टाका नंबर. तुमच्या मनातला कोणताही टाका.

मधुसूदन : आली. दुसरी... आली. कूलर चालू आहे न खरंच?

पार्वतीबाई : माहा पदर उडून राहिला, दिसत नाई का?

मधुसूदन : थंडीपेक्षाही फास्ट आहे, वहिनी. मानलं. मी उगाच नाही मानत, पण मानलं.

शामला : मानलं तं आता मन लावून ऐका. सेठ विचारीन तेव्हा मधी बोलू नका. तो ट्रकाचा नंबर सांगन का गावाचं नाव सांगन, मी दोन्हीवरून काढून दाखवीन. हिशेबाचं, ये-जा करायचं, ट्रकवाल्यांकडून बिल्ट्या आणाचं, ते तुम्ही बोला. त्यात तुमचा हात कोणी धरत नाही. तेवढं मीही मानते.

मधुसूदन : जीप थांबली. सेठच आहे. संगं त्याचा मुनीमही आहे. अन् अजून दोघं आहेत. वहिनी, ऐका. मशीन राहू द्या इथंच, मी काही हलवत नाही. तुम्ही फक्त आज, फक्त सेठ असेपर्यंत आत जा. एकदा काम हातात आलं का उद्यापासून बसा. पाहिजे तं लिहून देतो.

शामला : मी उठणार नाही.

मधुसूदन : पायऱ्या चढून राहिले ते. चार चार पुरुष. हात जोडतो मी. आई, सांग न तिले. तुह्या शब्दाबाहेर ते जाणार नाही. आई, काहीतरी बोल.

पार्वतीबाई : बोलते. मधु, आत जाऊन सेठसाठी पानी आन गा. ते कामावर बसली हाये.